दोन ओळींचा अर्थ

शाळेतून निवृत्त झाल्यावर वनमालाबाईंनी बायबल वऱ्हाडीत आणायचं काम अंगावर घेतलं. बालपण अकोल्यात गेलेलं, बोली तोंडात होती. हे काम करवून घेणाऱ्या संस्थेची एक रीत होती. नवं भाषांतर आधी अशा माणसाला ऐकवायचं, ज्याने ते पुस्तक कधी उघडलेलं नाही. ऐकून झालं की त्याने आपल्या शब्दांत सांगायचं, काय कळलं ते. मध्ये कुणी मदत करायची नाही. नाहीच कळलं तर चूक शब्दांची, ऐकणाऱ्याची नाही.

मरोळला त्यांच्याच बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर धोंडिराम आणि द्रौपदी राहायचे. मूळचे वाशिमकडचे, घर बौद्ध. बाईंना याहून चांगले कान मिळाले नसते. शिवाय धोंडिराम दर रविवारी विहारात वाचन करायचा आणि वाचलेल्याची फोड करून सांगायचा. त्याने सांगितलेलं कळलं नाही असा माणूस वस्तीत नव्हता.

शनिवारी बाई आल्या. मोबाइल टीपॉयवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दोन ओळी वाचल्या. हावरट माणूस स्वतःच्याच घराला कसा अडचणीत घालतो आणि लाचेला हात न लावणारा कसा जगतो, एवढंच त्यात होतं.

धोंडिरामने पलंगाकडे पाहिलं. द्रौपदी भिंतीला टेकून ऐकत होती. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांनी उठलेला फुगवटा होता, त्यावर पदर ओढलेला.

"सांगा धोंडिरामभाऊ."

"मले नाई समजलं, बाई."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी द्रौपदीला रिक्षात घालून अंधेरीच्या सेंटरला न्यायचं, हे दीड वर्ष चाललं होतं. ट्रस्टच्या स्वस्त दवाखान्यात नंबर लागेना, म्हणून खासगी. मुलगा किरण पालिकेच्या कचेरीत कारकून. खर्चाला ऑफिसचा विमा आहे, असं त्याने आईला सांगितलं होतं. आईने विश्वास ठेवला. धोंडिरामनेही ठेवला होता. मग एकदा पानाच्या टपरीवर दोन दुकानदार बोलताना कानावर पडलं, गाळ्याच्या परवानगीला किरणभाऊंचा भाव काय चाललाय. त्या दिवशी तो पान न घेताच घरी आला. बोलला कुणालाच नाही. बोलला असता तर द्रौपदीने सुई टोचून घेतली नसती. सपनाच्या वेळी तिने हेच केलं होतं. मुलीला नर्सिंगला जागा मिळत होती, मधल्या माणसाला थोडं द्यायचं होतं, आणि ही दारात आडवी उभी राहिली. जागा गेली. सपना आता मॉलमध्ये बिलं फाडते आणि आईशी तुटक बोलते.

बाईंनी पेन काढलं. "शब्द अवघड झालाय का? लाच काढते. वरचा पैसा म्हणू?"

"म्हणा."

बाईंनी बदलून वाचलं. आता ते अगदी उघडं झालं.

"आता?"

"कोनाचं घर म्हनता, तेच नाई उमगत."

"त्याचंच घर. घेणाऱ्याचं." बाई उत्साहात आल्या. धोंडिराम अडेल तितकं त्यांना वाटे, आपलं काम सुधारतंय. त्यांनी पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं. हावरटाच्या जागी कचेरीतला माणूस आला. घराच्या जागी बायका-पोरं, म्हातारे आईबाप आले. लपवायला म्हणून धोंडिराम जे जे बोलत होता, त्यामुळे ते वाक्य त्याच्याच उंबऱ्यावर येऊन बसत होतं.

"नाई बा," तो म्हणाला. "आज डोकं चालत नाई माह्यं."

"भाऊ, विहारात तर पानंच्या पानं सांगता. इथे दोन ओळींना घाम फुटला?" बाई हसल्या आणि पलंगाकडे वळल्या. "तुम्ही सांगा, वहिनी."

द्रौपदी बाईंकडे पाहतच नव्हती. तिची नजर नवऱ्यावर होती, आणि बराच वेळ होती.

"सांगतो ना," ती म्हणाली. "एक मानूस हाय, कचेरीत. तो वरचा पैसा घेते. त्याले वाटते घरासाठीच घेऊन राह्यलो. पन त्यानंच घर बुडते. जो घेत नाई, तो जगते."

बाईंनी टाळी वाजवली. "एकदम बरोबर. हेच ठेवते." रेकॉर्डिंग बंद झालं. बाई चहा पिऊन खुशीत वर गेल्या.

धोंडिराम कप उचलू लागला.

"तुमाले समजलं होतं," द्रौपदी म्हणाली.

"नाई वं."

"लोकाईले अर्थ सांगत फिरता. अन् आपल्या बोलीतल्या दोन ओळी नाई समजल्या? कायले भेलात?"

तो कप मोरीत ठेवायला वळला.

"विमा नाई ना?"

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाही कळलं नाही. तिला मात्र कळलं.

"पोरीची जागा घालवली म्या. अन् आता माह्यासाठी चालते म्हनू?"

रविवारी किरण आला. आधी विम्याचंच खरं म्हणत राहिला, मग चिडला. "सगळे घेतात, आई. मी काय बंगला बांधला? तुझ्याच सुयांना गेले ना?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. किरण थोडा वेळ पायाशी बसला. जाताना बापाला म्हणाला, "तुम्ही समजवा. तुमचं ऐकते ती." त्या घरात असं कधीच नव्हतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

मंगळवार उजाडला. धोंडिरामने पिशवी भरली, चादर, फाइल, बिस्किटांचा पुडा. रिक्षा खाली येऊन उभी राहिली. द्रौपदी पलंगावर पाय सोडून बसली होती. पाय सुजून टम्म झाले होते, बोलताना धाप लागत होती.

"आजच्या दिवस चाल. ट्रस्टवाल्याईले पुन्हा विचारतो. आजच्या दिवस."

"नोको."

त्याने तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही आणि उठलीही नाही. तिला उचलून नेण्याइतकी ताकद त्याच्यात होती, पण सेंटरमध्ये तिने हातच पुढे केला नसता.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. तेवढ्यात फोन आला. सेंटरची सिस्टर होती. "आजोबा, येताय ना? नाहीतर बेड दुसऱ्या पेशंटला देते. बाहेर माणूस बसलाय."

धोंडिरामने फोन हाताने झाकला. "काय सांगू वं?"

"देऊन टाका म्हना," द्रौपदी म्हणाली. "त्याचंबी रक्त तुंबलंच असंन."

त्याने फोन पुन्हा कानाला लावला. सिस्टर दोनदा हॅलो म्हणाली. खाली रिक्षा निघून गेल्याचा आवाज आला, आणि पलीकडून सिस्टर दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती, चला काका, या आत, चप्पल बाहेर काढा.