बो नदीच्या उत्तर तीरी

संकल्प करताना माणसाने आपण उभे आहोत त्या भूमीचे आणि जवळच्या नदीचे नाव उच्चारावे, असा आपला परिपाठ आहे. पितरांना उद्देशून केलेल्या कृत्याचा आरंभ असत्याने होऊ नये. मात्र ते सत्य कधी कधी सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यालाच जड जाते.

माझ्या पत्नीचे, सीतेचे, वर्षश्राद्ध जवळ आले. आमचा एकुलता एक मुलगा गुरुप्रसाद गेली बारा वर्षे कॅनडात, कॅलगरीला असतो. रजा मिळत नाही, आईचे तर्पण तिथल्याच नदीवर केले तर चालेल का, असे त्याने विचारले. मी चार दिवस उत्तर दिले नाही. शास्त्राची अडचण नव्हती. तिथे केलेले पोचते असे मी एकदा म्हटले, की त्याला इथे, मालगुंडास, येण्याचे कारणच उरणार नव्हते. पाचव्या दिवशी मी होकार कळवला.

त्या तिथीला आमच्याकडे दिवेलागण झाली होती. तिकडे सकाळचे आठ. मी फोन देव्हाऱ्यापाशी टेकवून ठेवला. दर्भ आणि तीळ घेऊन गुरुप्रसाद नदीकाठी बसला व मुंजीत पाठ केलेला संकल्प म्हणू लागला, ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे...’

“थांब,” मी म्हणालो. “तू गोदावरीकाठी नाहीस.”

“अप्पा, तुम्हीच असं शिकवलंत.”

“ते इथल्यासाठी. तुझ्यासमोरची नदी कोणती, ते सांग.”

त्याने सांगितले. नाव बो. पश्चिमेच्या पर्वतांतील हिमनदीतून ती निघते, शहरातून पूर्वेकडे जाते आणि तिचे पाणी इतर नद्यांतून दूर उत्तरेच्या हडसन उपसागराला मिळते. तिच्या काठच्या वनस्पतींपासून तिथले मूळ रहिवासी धनुष्ये करीत, त्यावरून धनुष्य या अर्थाचे हे इंग्रजी नाव पडले. मग फोन फिरवून त्याने रबरी होड्यांतून मजेत वाहत चाललेली माणसे दाखवली, आणि कमरेइतक्या पाण्यात गळ टाकून उभा असलेला एक म्हातारा.

“मासा धरतात नि परत सोडून देतात, अप्पा. मालगुंडात सांगितलं तर मला वेड्यात काढतील.”

मला हसू आले. सीता असती तर तिने त्या म्हाताऱ्याला जेवायला बोलावले असते.

“तू कोणत्या तीरावर आहेस?” मी विचारले.

“उत्तर.”

“मग म्हण, बो-नद्याः उत्तरे तीरे.”

तो म्हणाला, अगदी स्पष्ट. माझा मुलगा कुठे राहतो, हे बारा वर्षांत मी प्रथमच ऐकले.

त्याने ओंजळीतले पाणी नदीत सोडले.

“आई येईल का हो इतक्या लांब?”

“कुठे आहेस ते तू खरं सांगितलंस. येईल.”

फोन बंद झाला. एका पानाचे जेवण वाढून घ्यायचे होते. त्याआधी मी उत्तरेकडे तोंड करून हात जोडले. ती नदी माझ्या मुलाला सांभाळो. तिच्या काठी ज्यांची ज्यांची माणसे आहेत, त्या सर्वांचे कल्याण असो.