मुराळ्याचा व्हिसा

साळूबाईचं म्हणणं सरळ होतं. लेक नांदायला गेली की नागपंचमीला तिला आणायला माहेरचा माणूस जातो. तो मुराळी. मुराळ्याशिवाय आली तर ती लेक कसली, ती पाव्हणी. मग लेकीचं सासर मणेराजुरीत असो, पलूसला असो, नाहीतर जर्मनीत असो.

"अगं आक्का, पण तिचं लगीन कुठं झालंय?" गुंडा म्हणाला. गुंडा तिचा धाकटा भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन आला आणि आता साताऱ्याकडं ऊस करतो. बहिणीची हाक आली की एसटीत बसून तासगावला हजर.

"कंत्राट म्हंजे लगीनच की रं. सही केली, वटी भरली, इमानात बसवून दिली. आता सुट्टी पायजे तर वरच्याला इचारायचं. माझ्या सासूनंबी मला एवढं धरून ठेवलं नव्हतं."

राजेश्वरी साळूबाईची एकुलती एक. सांगलीत नर्सिंग शिकली, तिथंच दवाखान्यात लागली. एका खोलीत चौघी मैत्रिणी, एकीची ड्यूटी संपली की तिच्या गादीवर दुसरी. मग कुणीतरी सांगितलं, जर्मनीत म्हातारी माणसं लय झालीत आणि त्यांना उठवून बसवणारी तरणी माणसं कमी पडलीत. पोरीनं सांगलीतच जर्मनचा क्लास लावला. द्राक्षाच्या वेलीखालून फिरत परकी अक्षरं घोकायची. खाकरल्यासारखे उच्चार ऐकून साळूबाई आल्याचा काढा करून द्यायची. आणि एके दिवशी पोरगी खरंच गेली.

मागं राहिली साळूबाई, तिची बाग, आणि जात्यावर बसल्यासारखी मिक्सरसमोर उभी राहून म्हटलेली ओवी:

*आभाळाच्या वाटेनं गेली लेक माझी मैना,*
*तिथल्या गं थंडीला हितली वाकळ पुरंना.*

तर गुंडानं पासपोर्ट काढला. राजेश्वरीनं तिकडून बोलावण्याचे कागद धाडले. मामाला नाही म्हणायची तिची छाती नव्हती, आणि मनातून तिला गंमतही वाटत होती. गुंडानं फौजेचा कोट इस्त्री केला, छातीवर पदकं लावली आणि मुंबईच्या व्हिसाच्या कचेरीत काचेसमोर ताठ उभा राहिला.

काचेपलीकडची बाई गोड होती. तिनं विचारलं, "कशासाठी जायचंय?"

"भाचीला न्यायला."

"ती तर तिथं नोकरी करते ना?"

"व्हय. पंचमीपुरती नेतो, परत सोडतो."

"आणि तुम्ही तिथं किती दिवस राहणार?"

"एक रात."

बाईनं मान वर केली. "एवढ्या लांब जाऊन एकच रात्र?"

"मुराळ्यानं लेकीच्या सासरी एका रातीच्या वर ऱ्हायचं नसतंय, बाईसाहेब. वझं हुतं."

बाईनं ते टिपून घेतलं. गुंडाला वाटलं, मुलाखत झकास झाली. बाहेर येऊन त्यानं फोन केला, "आक्का, लाडू वळायला घे."

आठ-पंधरा दिवसांनी पासपोर्ट परत आला, कोरा. सोबत एक कागद. जयराज नावाचा शेजारचा मास्तर तो वाचायला बसला, वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली.

"काय लिवलंय?" साळूबाईनं विचारलं. तिच्या हातात अर्धा वळलेला शेंगदाण्याचा लाडू होता.

"म्हणतात, एका रात्रीसाठी एवढ्या लांब कोण जातं, हे पटत नाही. आणि... तुम्ही परत याल याची खात्री वाटत नाही."

गुंडा खाटेवरून उठून उभाच राहिला. "मी? परत येणार न्हाई? माझा ऊस हुभा हाय, माझी म्हस गाभण हाय, मी तिथं ऱ्हाऊन काय बरफ नांगरू?"

"तसं नाही मामा, गरीब मुलखातनं माणूस आला की त्यांना..."

"मास्तर, आवं, आमची द्राक्षं जात्यात तिकडं. कंटेनर भरभरून जात्यात. ती कवा परत आल्याली बघितलीसा? त्येंना कोण इचारत न्हाई!"

साळूबाई हसली नाही. हातातला लाडू तिनं पुरता वळला, डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं. लेकीसाठी आणलेली हिरवी साडी कपाटात गेली. पंचमीला वस्तीवरच्या बायांनी फेर धरला तेव्हा ती बागेत होती. तिला म्हणे वेलीची शेंडी खुडायची होती.

तिथं तिच्यासोबत सुनमाया होती.

सुनमाया नेपाळची. तिच्या गावच्या डोंगरउतारावर शेत आहे, पण तिथले बाप्ये मलेशियाला नाहीतर आखातात गेलेले. मका कोण पेरणार? तिचा नवरा आधी तासगावात बेदाण्याच्या शेडवर राखणदार होता. बायकोला घेऊन आला, आणि वर्षभरात तोही कतारला गेला, बांधकामावर. सुनमाया राहिली. वस्तीवरची पोरं फौजेत, पुण्यात, सोनं-चांदी गाळायच्या गलाई दुकानांत देशभर पांगलेली. बागेत घडातले मणी विरळायला हात मिळेनात. तिचे हात मिळाले आणि साळूबाईनं ते सोडले नाहीत. बागेच्या कडेच्या खोलीत ती राहायची, साळूबाईला 'आमा' म्हणायची, म्हणजे आई. तिची लहानगी पोर तिकडं डोंगरात, आजीजवळ.

म्हणजे असं, की जर्मनीतल्या म्हातारीला साळूबाईची लेक भरवत होती, साळूबाईच्या वेली सुनमाया सांभाळत होती आणि सुनमायाची पोर तिची आई. एकीचा पदर दुसरीच्या हातात, दुसरीचा तिसरीच्या. नुसतं झिम्म्याचं रिंगण, पण मधे डोंगर आणि दर्या.

भादव्याच्या तोंडावर गुंडा फवारणीला मदत करायला आला होता. दुपारी तिघं ओसरीत भाकरी खात बसले असताना सुनमाया हळूच म्हणाली, "आमा, तीज आली."

"कसली तीज?"

"आमच्यात सण. लाल साडी नेसतात, उपास करतात, नाचतात. लेकी माइतीला जातात."

"माइती म्हंजे माहेर," गुंडा म्हणाला. फौजेत गुरख्यांच्या पलटणीशेजारी त्याची काही वर्षं गेली होती. "आक्का, आपली हरतालिका आसती बघ गणपतीच्या आदल्या दिवशी, तीच त्येंची तीज. दिवस त्योच."

साळूबाईचा घास थांबला. "मग तुमच्यातबी न्यायला माणूस येतो?"

"बाप येतो. नाहीतर भाऊ." सुनमायानं ताटलीत बोट फिरवलं. "बाप नाही. भाऊ मलेशियात. आई फोनवर म्हणाली, कोण येणार तुला आणायला? न बोलावता नको येऊस, गाव हसेल." मग घाईनं म्हणाली, "पण मी जाऊ का? पोर आता मला फोनमधली बाई म्हणते."

साळूबाईच्या डोळ्यांपुढं ऑक्टोबरची छाटणी उभी राहिली. छाटणीला हात नसले तर बहर नाही, बहर नाही तर सालच नाही. सुनमायाच्या हाताखालच्या चार बाया तिच्याच शब्दावर येत होत्या.

"जाशील गं," ती म्हणाली, "पण तू परत येशील ह्याची खात्री काय?"

म्हणून झालं आणि तिचं तिलाच कळलं. गुंडानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. त्याच्या मिशा थरथरायला लागल्या.

"आक्का," तो म्हणाला, "तू कवापास्नं व्हिसा द्यायला लागलीस?"

"गप रं."

"न्हाई, काच लावून घे म्हंतो मी ओसरीला. मी कोट घालून येतो."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते सुनमायाला कळेना. पदर काढला तेव्हा चेहरा पुसल्या पाटीसारखा मोकळा झाला होता. "उठ," ती भावाला म्हणाली. "भाकरी खाऊन घे आणि उठ. मुराळी म्हणून पासपोर्ट काढलास न्हवं? मग जा की."

"कुठं?"

"हिच्या आईच्या दारात. लेकीला माहेरी पोचवायचं, मंग ती कुणाची का आसंना."

मग वस्तीवर एकच धांदल उडाली. साळूबाईनं ताजे लाडू वळले, शेंगदाण्याची चटणी कुटली, बेदाण्याची पिशवी बांधली. हिरवी साडी कपाटातून निघाली. सुनमाया हळूच म्हणाली, तीजेला लाल लागते. "मग साडी तुमची लाल, बांगड्या आमच्या हिरव्या," साळूबाईनं निकाल दिला, आणि लाल साडी तासगावच्या बाजारातनं आणली. हिरवी सुनमायाच्या आईसाठी बांधून दिली. सुनमायाला पाटावर बसवून तिची ओटी भरली. शेजारच्या राहीबाईनं विचारलं, "पोर माहेरी चालली, वटी आधीच कशी गं भरतीस?"

"आमच्या घरनं चालली, म्हणून आमी भरतो. तिकडली आई येताना भरंल."

मिरजेहून पुणं, पुण्याहून गोरखपूर, तिथून सुनौलीला नेपाळची सरहद्द. गुंडानं कोट घातलाच होता. सीमेवरच्या जवानानं विचारलं, कुठं? गुंडा ताठ झाला. "माइती. पोरगीला माहेरी सोडायला." जवानानं पदकांकडं बघितलं, सुनमायाच्या लाल साडीकडं बघितलं आणि हसून हात पुढं केला. परत कधी येणार, ते कुणी विचारलं नाही. पुढं बस डोंगर चढत गेली, वळणावळणाला ढग खिडकीत शिरत होते, आणि मुराळ्याला साताऱ्याच्या घाटाची आठवण येत होती.

ते पोचल्यावर दोन दिवसांनी साळूबाईचा फोन वाजला. पडद्यावर हिरवा डोंगर, मक्याची कणसं टांगलेलं घर, आणि हिरवी साडी नेसलेली एक सुरकुतलेली बाई. तिच्या मांडीजवळ सुनमाया, सुनमायाच्या गळ्यात पोर. पोरीनं आईची हिरवी बांगडी घट्ट धरून ठेवली होती. ती बाई काहीतरी बोलत होती, डोळे पुसत होती. साळूबाईही बोलत होती, डोळे पुसत होती. एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं, आणि गुंडाला मधे दुभाष्या म्हणून कुणी बोलूच देईना.

"अरं, तू एक रात ऱ्हाऊन निगणार हुतास न्हवं?" शेवटी साळूबाईनं विचारलं.

"ती रीत सासरची," गुंडा म्हणाला. तोंडात घास होता. "हितं मी माहेरचा माणूस हाय. हितं मला कोण सोडतंय? ह्यांनी कणसं भाजल्यात बघ."

त्याच संध्याकाळी राजेश्वरीचा फोन आला. मामाचे फोटो तिला पोचले होते. ती सांभाळत होती त्या म्हातारीनंही ते पाहिले होते, मिशा तिला फार आवडल्या. मग राजेश्वरीनं आवाज खाली घेतला.

"आई, सगळ्यांना न्यायला माणूस गेला. माझंच राहिलं. दिवाळीत सुट्टी मिळतीय. मी माझी मीच आले तर... पाव्हणी होईन का गं?"

साळूबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. रीत एकीकडं होती, लेक एकीकडं. मग तिला सीमेवर हसलेला तो जवान आठवला, गुंडानं सांगितलेला.

"मुंबईच्या इमानतळाच्या दारापतुर येशील एकटी?"

"येईन की."

"मग दारात मामा हुभा आसंल. तिथनं फुडं त्यो मुराळी. तिथवर त्येला व्हिसा लागत न्हाई." आणि आवाज सावरून म्हणाली, "कोट घालूनच धाडते."

दुसऱ्या दिवशी गुंडाचा पुन्हा फोन. "आक्का, म्हातारी इचारतीया, लेकीला परत कवा धाडू? काय सांगू?"

साळूबाई वेलीखाली उभी होती. छाटणीची कात्री कमरेला होती.

"मुराळ्यानं त्ये इचारायचंबी न्हाई आणि सांगायचंबी न्हाई. परत न्यायला सासरचं माणूस जाया लागतंय."

"तिचा दाल्ला कतारात हाय."

"मी काय मेले का? मी येते. छाटणीच्या आदी."

"तू? तू कवा मिरजेच्या फुडं गेलीस?"

"तिकडं व्हिसा लागत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग झालं. आणि म्हातारीला सांग, मी आल्यावर पोरीला बी न्यायचं का न्हाई त्ये आमी दोघी बसून ठरवू. शाळा हाय हितं वस्तीवर. आणि सांग, येक रातच ऱ्हाणार म्हनावं. मी सासरकडची."

फोन कमरेला खोवून तिनं वेलीचा एक वाकडा शेंडा खुडला, आणि वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओवी लावली:

*धाडिला मुराळी गं बरफाच्या डोंगरा,*
*परक्या मायीची लेक पोचली माहेरा.*