साफ्ताआजीचं जितेपणीचं जेवण

"शेजारच्या साफ्ताला शहरात नोटरीकडं घिऊन जा गं. घराचा कागद व्हायला पायजे. तू शिकलेली हाईस," मक्याची कणसं सोलता सोलता आई म्हणाली होती. मी बाळाचं नाक पुसत हसले. "जित्या माणसापुढं मरणाचं कसं काढू, आई?"

खरं तर आमच्या ओल्त नदीकाठच्या गावात मरणाचं बोलायला लाजतं कोण? साफ्ताआजीनं नवऱ्याशेजारी आपला दगड कधीच उभा केलेला. नाव कोरलेलं, जन्मसाल कोरलेलं, पुढची जागा कोरी. पेटीत शेवटचे कपडे घडी घालून ठेवलेले. आणि त्या शरदात आमच्या रितीप्रमाणं तिनं स्वतःच्या मयताचं जेवणही जिवंतपणीच घातलं.

"मेल्यावर कोण घालतंय, कोण न्हाई! आन् कोबीच्या गोळ्यांत मीठ कमी असंल तर आत्ताच सांगा. मागनं कबरीवर यिऊन वरडू नगा!"

अंगण हसलं. वाढत होती वोइका, आजीच्या थोरल्या लेकाची बायको. लेक मरून गेला, मूलबाळ नाही, तरी सासूचं हगणंमुतणं ती एकटीच काढत होती. धाकटा ग्रिगोरे इटलीत. घराचं विचारलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आये, तू म्हणशील तसं."

आजी काठी टेकत उठली. "माझ्यामागं ह्ये घर वोइकाचं. ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं!" सगळे ओरडले. पाद्रीबाबांनी हवेत क्रूस काढला. आमच्याकडं एवढं झालं की झालं. मलाही तेच वाटलं.

बर्फ वितळून रस्ता गुडघाभर चिखलाचा झाला, तेव्हा आजी गेली. ग्रिगोरे आला, वहिनीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. चाळिसाव्या दिवसाचा विधी आटोपला आणि तो घराला गिऱ्हाईक घेऊन फाटकात उभा राहिला.

"भावजी, आत्याबाई समद्यांम्होरं बोलल्या हुत्या."

"बोलली गं, वहिनी. पर कायद्यानं वारस मी एकटा. तिकडं माझीबी पोरं हाईत."

"गाव साक्षीला हाय."

ग्रिगोरेनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "गाव जेवाय आलं हुतं, वहिनी."

मी शहरातल्या नोटरीला फोन लावला. तोंडी बोलण्याला मृत्युपत्र म्हणत नाहीत, तो म्हणाला. म्हातारी जिवंत असताना तिला आणलं असतं तर सकाळी येऊन दुपारी कागद घेऊन तुम्ही घरी गेला असता. कुंपणाशी तीच माणसं उभी होती, ज्यांनी "ऐकलं" म्हटलं होतं. सगळी आपापल्या बुटांचा चिखल बघत होती. दगडावरच्या कोऱ्या जागेत मरणाचं साल मात्र वेळेवर कोरून झालं.

नव्या मालकानं वोइकाला परसातल्या उन्हाळी स्वयंपाकखोलीत राहू दिलंय. पुढच्या वसंतापर्यंत. भिंती विटांच्या एका थराच्या, दारातून वारा शिरतो. आता शेतावर पांढरं दव गोठायला लागलंय. रोज उठल्याबरोबर मी खिडकीतून तिचं धुराडं बघते, मग बाळाला पाजते.

पण बाळाचा खोकला हटत नाही. उद्या त्याला घेऊन शहरातल्या दवाखान्यात चाललेय, परत कधी येईन ठाऊक नाही. तुम्ही त्या वाटेनं गेलात तर बघा, धूर निघतोय का. नसला तर दार वाजवा. ती आतूनच म्हणेल, "बरी हाय मी." नुसतं ऐकून माघारी फिरू नका. आत जा.