खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची

मी पहिलीच्या वर्गातली खुर्ची बोलतेय. फळ्याजवळची बाईंची ऐटदार खुर्ची नव्हे. ती मला मोजतही नाही. मी मागच्या कोपऱ्यातली, खिडकीकडे तोंड केलेली, बुटकी.

माझा जन्म एका सुताराकडच्या उरल्यासुरल्या फळ्यांतून झाला. घाईघाईत त्यानं माझा एक पाय किंचित आखूड ठेवला. "लहान मुलांचीच तर खुर्ची, चालून जाईल," म्हणाला. तेव्हापासून मी जरा डुगडुगते. मुलांना ते आवडतं, मला मुळीच नाही.

बाईंनी मला वर्गात ठेवलं आणि मुलांना समजावून सांगितलं. रडू आलं, राग आला, पोटात कसंतरी झालं, की इथे येऊन बसायचं. त्यासाठी विचारायची गरज नाही. बसलेल्याला कुणी कारण विचारायचं नाही, चिडवायचं तर नाहीच. बरं वाटलं की आपलं आपण उठायचं.

सुरुवातीला माझी नुसती दैना झाली. सगळ्या वर्गाला एकदमच रडू येऊ लागलं. एक गुबगुबीत पोरगा तर बेरजा सुरू झाल्या की पोट धरून हजर. बाई त्याला काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर दिसते एक भिंत आणि पाण्याची टाकी. माणूस ती बघून बघून किती बघणार? कंटाळून तो आपण होऊन बेरजांकडे परत गेला.

माझी खरी गरज होती बिट्टीला. हे तिचं घरचं नाव, पण वर्गातही तेच चालायचं. रंगाची कांडी मोडली, कुणी धक्का दिला, की हिच्या मुठी वळायच्या आणि दुसऱ्या क्षणी शेजाऱ्याच्या दंडावर दात उमटायचे. बाई तिला एकच गोष्ट शिकवत राहिल्या. "मुठी वळल्या ना, की खुर्चीकडे चालायला लागायचं." कितीदा तरी ती चावल्यानंतर आली. मग एकदा चावायच्या आधी आली. ओठ दातांखाली घट्ट धरून माझ्यावर बसली, टाकीकडे बघत राहिली आणि उठून जाऊन चित्र पूर्ण केलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

मग बाईंच्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि त्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी तेवढ्यापुरत्या दुसऱ्या बाई आल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. मुलांची नाकं पुसायच्या, बुटांच्या नाड्या बांधायच्या. पण कोपऱ्यात एकटी, वर्गाकडे पाठ केलेली खुर्ची पाहून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. पहिल्याच दिवशी एक मुलगा फार बडबड करत होता. त्याला म्हणाल्या, "जा, त्या खुर्चीवर बस जाऊन."

झालं. दोन-चार दिवसांत "खुर्चीवर पाठवू का?" एवढं म्हटलं तरी वर्ग चिडीचूप व्हायला लागला. मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आमच्या जातीला तोंड कुठे असतं?

एकदा बिट्टीच्या मुठी वळल्या. शिकल्याप्रमाणे ती माझ्याकडे निघाली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बिट्टीला शिक्षा, बिट्टीला शिक्षा!" ती अर्ध्या वाटेवरून मागे फिरली आणि ओरडणाऱ्यालाच चावली. मग नव्या बाईंनी तिला दंड धरून माझ्यावर आणून बसवलं. ती रडली नाही, नुसती ताठ बसून राहिली.

आमच्या बाई परत आल्या, त्याच दिवशी बिट्टीची आई दारात उभी. "बाई, ही घरी आता कुठल्याच खुर्चीवर बसत नाही. जेवतेसुद्धा उभ्यानं. मी दुसरी शाळा बघतेय."

"मला थोडा वेळ द्या," बाई म्हणाल्या.

"महिनाअखेरपर्यंत बघते," आई म्हणाली.

बाईंनी मुलांना परत सगळं सांगितलं, ही खुर्ची म्हणजे शिक्षा नव्हे. मुलांनी माना डोलावल्या. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. बिट्टी तर पाणी प्यायलासुद्धा मला वळसा घालून जायची. महिना सरत आला.

मग एका सकाळी कुणाचा तरी कोपर लागून रंगाचं पाणी सांडलं, तेही भिंतीवर लावायला ठेवलेल्या सगळ्या चित्रांवर. "किती वेळा सांगितलं होतं!" बाईंचा आवाज चढला. घरी आजारी आई, रात्रीची जागरणं. सगळं त्या आवाजात आलं. मुलं घाबरली. बाई मध्येच थांबल्या, सरळ चालत मागे आल्या आणि माझ्यावर बसल्या. गुडघे हनुवटीला टेकले. माझा सांधा करकरला, पण मी दम धरला.

"बाईंना कुणी शिक्षा केली?" मागून कुजबुज आली.

"कुणी नाही," बाई मागे न वळता म्हणाल्या. "मला राग आलाय, म्हणून मी आले."

 मग पावलं वाजली. बिट्टी येऊन बाईंच्या शेजारी उभी राहिली. तिचंही चित्र भिजलं होतं. तिनं बाईंना काही विचारलं नाही, टाकीकडे बघत राहिली. तिच्या मुठी घट्ट वळलेल्या होत्या.

शेवटी ती म्हणाली, "बाई, तुमचं झालं का? मला बसायचंय."

बाई लगेच उठल्या.

बिट्टी आता वरच्या वर्गात आहे, त्याच शाळेत. माझा सांधा मात्र त्या दिवसापासून खिळखिळा झालाय, फार दिवस टिकेनसं वाटत नाही. माझ्यानंतर इथे दुसरी खुर्ची येईल. मोठ्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे: तिच्याकडे बोट दाखवून कुणाला पाठवू नका. आणि तुम्हाला राग आला, तर मुलांच्या देखत तिच्यावर जाऊन बसा.