मी न मोजलेला मंगळवार

मित्रांनो, शून्यापासून नऊ हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत मोजता येणे, एवढेच माझे शिक्षण. मी मुठीत मावणारा, पत्र्याचा, चकाकी गेलेला एक काउंटर आहे. माझा खटका अंगठ्याने दाबला की 'टक्' असा आवाज होतो आणि काचेखालचा आकडा एकाने वाढतो. तो एकाने कमी कधीच होत नाही. कडेची कळ फिरवली तर मी थेट शून्यावर येतो. मधली वाट मला ठाऊक नाही. माझ्या पाठीवर बनवणाऱ्याचे नाव कोरलेले होते, ते घासून गेले आहे. म्हणून जन्माविषयी मी काही सांगणार नाही. ऐकीव माहितीवर आत्मवृत्त सुरू करू नये.

माझी खात्रीची पहिली आठवण प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका साखर कारखान्याची आहे. तेथे वजनकाट्यावर माधवराव नावाचे कारकून होते. उसाची बैलगाडी काट्यावरून उतरली की ते मला दाबत. सुट्टीच्या दिवशी त्यांची लहान मुलगी निवेदिता डबा घेऊन येई आणि तासभर मी तिच्या हातात असे.

एकदा शेवगावकडचा गाडीवान बन्सी रांगेतून उठून खिडकीशी आला.

"भाऊसाहेब, माझी गाडी धरली का न्हाई?"

"काट्यावरून उतरल्याशिवाय नाही, बन्सी."

"आवो, कालधरनं नंबरात हाय. बैलं बी इचाराय लागली, आपुन कामावर हाय का सुट्टीवर!"

निवेदिता खदखदून हसली आणि तिचा अंगठा माझ्यावर टेकला. माधवरावांनी तो अलगद उचलला. "हस खुशाल, पण दाबू नकोस. झालेली गोष्ट मोजायची. होणारी नाही."

हा नियम उत्तम होता. उशिरा का होईना, प्रत्येक गाडी शेवटी काट्यावरून उतरतच असे. निवेदिताने तो जन्मभर पाळला. पुढे ती अहिल्यानगरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागली. कारखान्यात संगणक आला, माधवराव मला देवळाली प्रवरेच्या घरी घेऊन आले आणि मी टेबलाच्या खणात गेलो. शेजारी संपलेले सेल आणि एका हरवलेल्या कुलपाची किल्ली होती. मित्रांनो, त्या खणात मी सव्वीस वर्षे ४१७ या आकड्यावर उभा होतो. आज कोणीही सांगू शकत नाही की ते चारशे सतरा काय होते.

निवेदिताबाई निवृत्त होऊन देवळालीच्या घरी आल्या. माधवराव गेले. घरात बोलणारे कोणी उरले नाही. त्याच वर्षी बाईंच्या वाचनात एक आवाहन आले. एक संस्था निरनिराळ्या देशांतून स्वयंसेवक निवडून त्यांना तीन महिन्यांसाठी पॅलेस्टिनी भागात पाठवत होती. तेथे लष्करी नाक्यांवरून कामाला, शाळेला, दवाखान्यात जाणाऱ्या माणसांचा रोजचा दिवस कसा जातो, ते पाहायचे आणि लिहायचे. उभे राहायचे, मोजायचे, दार उघडले नाही तर ठरलेल्या क्रमांकावर फोन करायचा; भांडायचे नाही. बाईंना भांडण्यापेक्षा मोजणे अधिक जमत होते. त्यांनी अर्ज केला आणि मला खणातून काढून शून्यावर आणले.

तो नाका म्हणजे लोखंडी गजांच्या अरुंद गल्ल्या, त्यांच्या टोकाला एकेक माणूस सोडणारे फिरते दार आणि पलीकडे काचेआड परवाने तपासणारे सैनिक. दिवा हिरवा झाला की दार फिरे, लाल झाला की अडे. बायका, म्हातारी आणि आजारी माणसे यांच्यासाठी एक वेगळे दार होते. ते कधी उघडे असे, कधी नसे. रोज मला शून्यावर आणून पहाटेपासून तीन तास बाई एका खांबाला टेकून उभ्या राहत. फिरते दार आणि काच ओलांडून माणूस पलीकडे पडला की टक्. कोणी तीळ लावलेला पाव त्यांच्या हातावर ठेवी, कोणी त्यांच्याकडे न पाहता जाई. हजारो माणसे माझ्यातून गेली. त्यांतल्या एकाचेही नाव मला कळले नाही.

नाव कळले ते अमीनाचे. ती साठीची, शाळेत काम केलेली, तोडके इंग्रजी बोलणारी बाई. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. रविवार, मंगळवार, गुरुवार, आठवड्यातून तीन वेळा पलीकडच्या रुग्णालयात डायलिसिस करून घेतले तरच ती जगणार होती.

बाराव्या आठवड्यातल्या मंगळवारी आजाऱ्यांचे दार बंद राहिले. अमीना पुरुषांच्या गल्लीतून पुढे सरकली, फिरत्या दारात शिरली आणि दिवा लाल झाला. पुढे गज, मागे गज. बाईंनी फोन केला. 'पाहतो' असे उत्तर आले. बावीस मिनिटे अमीना त्या दारात उभी होती, आणि बाईंचा अंगठा माझ्या खटक्यावर.

"रोज काय टकटक करतेस गं?" अमीनाने गजांतून विचारले.

"माणसं मोजते."

"मग मला मोजलंस?"

"अजून नाही. तुम्ही पलीकडे पोचला नाहीत."

"अलीकडेही नाहीये मी. मग आत्ता आहे कुठे?"

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. काचेआडचा सैनिक वीसेक वर्षांचा असावा; त्याने जांभई आवरली आणि परवान्यावरच्या तारखेवर बोट ठेवले. मुदत आदल्या दिवशी संपली होती. अमीना बाजूच्या वाटेने परत आली.

"काय, मोजलंस?"

"नाही."

"म्हणजे मी आलेच नव्हते!" रुमाल सारखा करत ती हसली. तिचे पाय सुजलेले होते.

त्या दुपारी बाईंनी अकरा आठवड्यांची वही उघडली. रोज कोणी ना कोणी परत पाठवले जात होते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. वहीत त्यांतला एकही नव्हता. ज्या रांगेत प्रत्येक गाडी उतरते, त्या रांगेचा नियम त्यांनी या रांगेला लावला होता. मी एकदाही चुकलो नव्हतो, मित्रांनो. परंतु त्या दिवशी माझ्यावरचा ३,४१२ हा आकडा अमीना घरी झोपून राहिली असती तरी तेवढाच आला असता.

बुधवारपासून बाईंच्या डाव्या हातात पेन्सिल आली. परत येणाऱ्या प्रत्येकामागे एक रेघ. मला ते काम करता येणार नाही, हे त्यांनी मला न सांगता ठरवले आणि ते योग्यच होते. तरीही उजव्या मुठीत मला प्रथमच एकटे वाटले.

बुधवारी दिवसभर त्यांनी सात कार्यालयांना फोन केले. गुरुवारही चुकला असता तर अमीनाचे शरीर ते सोसणार नव्हते. संध्याकाळी नव्या तारखेचा परवाना मिळाला. फोनमुळे मिळाला की तसाही मिळणारच होता, हे सिद्ध करता येत नाही, असे बाईंनी लिहून ठेवले.

गुरुवारी अमीना भिंत धरत आली. दिवा हिरवाच राहिला. तिचा कागद पाहिला गेला, आणि ती पलीकडे पोचली. मागून माणसे ढकलत असतानाही ती गजांपाशी थांबली.

"आता?"

"आता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला दाबले.

२,९६८ चे २,९६९ झाले. तिच्यासाठी माझा आवाज वेगळा निघाला नाही. तशी सोय माझ्यात नाही. रुग्णालयाकडची बस सुटत होती. ती लगबगीने गेली. शनिवारी बाईंचे विमान होते.

अहवालात त्यांनी लिहिले : 'पहिल्या अकरा आठवड्यांत परत पाठवलेल्यांची संख्या माहीत नाही. मी ती मोजली नाही. चूक माझी.' तेथे अंदाजे आकडा घालावा, अहवाल भरीव दिसेल, असे कोणीतरी सुचवले. त्यांनी नकार दिला.

देवळालीच्या शाळेत त्यांचे भाषण ठेवले होते. शेजारचे भागवतराव पहिल्या रांगेत होते. "बाई, आपल्याकडं मान्सं कमी हायेत व्हय? तीन महिनं तिकडं जाऊन मोजत बसलात ती?"

सगळे हसले. बाईही हसल्या. "तिथे बोलावलं होतं, भागवतराव. तुम्ही बोलवा, इथेही उभी राहीन."

"नगं बाई! माझ्या बांधावर उभ्या ऱ्हायलात तर लई हिशोब निघतील!"

मग चहा आला. तेथे जेवायला काय मिळत होते, हे तिघांनी विचारले. अमीनाबद्दल कोणीच विचारले नाही.

आता मी पुन्हा खणात आहे. मला तेल घाला, पुसा, जपा, अशी विनंती मी करणार नाही. दुसरी एक करतो. कोणी तुम्हाला आकडा सांगितला तर त्याला विचारा, जे दारापर्यंत येऊन परत गेले, ते यात आहेत का? उत्तर माहीत नसेल तर त्या जागी शून्य लिहू नका; 'माहीत नाही' असे लिहा. शून्य आणि 'माहीत नाही' यांच्या मधल्या जागेत एक संपूर्ण माणूस मावतो.

आणि माझ्याकडून एवढी नोंद करून घ्या : त्यानंतरच्या रविवारी अमीनाला दार उघडले की नाही, ते मला माहीत नाही.