पडलेला स्क्रू दिसेल अशी जमीन

जुनी गाडी विकली गेली त्या संध्याकाळी घड्याळवाली रिकाम्या गॅरेजात उगाचच चकरा मारून आली. लग्न झाल्यापासून ती जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करत होती. पानं घ्यायची वेळ झाली की भिंग, चिमटे, उघडी घड्याळं असा सगळा पसारा उचलायचा. आता गॅरेज तिचं होणार होतं. भिंतींना रंग लागला, टेबल आलं, दिवा ठरला. राहिली जमीन. तिथलं काँक्रीट भेगाळलेलं, तेलाने काळं पडलेलं. त्यावर तिळाएवढा स्क्रू पडला की गेलाच.

सुट्टीच्या दिवशी ती दुकानात निघाली तेव्हा नवरा आणि सासूबाईही तयार होऊन बसले होते. नवऱ्याने मनात पक्कं केलं होतं: जमिनीवर ओतायचा चकचकीत करडा इपॉक्सीचा लेप, त्यावर रंगीत ठिपके. मित्राच्या गॅरेजात पाहिल्यापासून तो त्यावर लट्टू होता. दुकानदारानेही नेमका तोच नमुना आधी पुढे केला.

घड्याळवालीने पर्समधून डबी काढली, चिमट्याने एक स्क्रू उचलला आणि वरून सोडून दिला. स्क्रू टणकन उसळला आणि ठिपक्यांत असा मिसळला की चौघांनी डोकी लावूनही हाती लागेना. दुकानदाराला आधी वाटलं, बाई थट्टा करतेय. तिने काम समजावून सांगितल्यावर मात्र तो असा काही रंगला की स्वतःच नमुने ओढून काढायला लागला. रबरी मॅटवर स्क्रू उसळला नाही, पण खाचेत जाऊन बसला. टाइलवरून उडाला तो थेट काउंटरखाली. गुडघ्यांचं निमित्त करून एरवी खाली न बसणाऱ्या सासूबाईंनी जमिनीवर पालथं पडून तो बाहेर काढला आणि विजयी मुद्रेने सगळ्यांना दाखवला. एव्हाना बाकीची गिऱ्हाइकंही आपली खरेदी सोडून भोवती जमली होती.

शेवटी दुकानदार आतून एक गुंडाळी घेऊन आला. दवाखान्याच्या कामातून उरलेलं व्हिनाइल, फिकट पिस्ता रंगाचं, नक्षी नावाला नाही, हाताला जरा मऊ. स्क्रू पडला तो तिथेच थांबला आणि लांबूनसुद्धा स्पष्ट दिसला. तिने स्प्रिंग टाकली. मग चिमूटभर स्क्रू एकदम टाकले. सगळेच्या सगळे दिसत होते. तिला हसू आवरेना.

नवरा मात्र हिरमुसला. या रंगावर बारीकसा डागही उठून दिसेल, महिन्याभरात कळा जाईल, असं त्याचं म्हणणं.

"दिसू दे की," ती म्हणाली. "मला सगळंच दिसायला हवंय."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दुकानदाराला गॅरेजची मापं सांगायला घेतली.

कारागिरांनी आधी भेगा बुजवल्या, जमीन सपाट केली, ती सुकू दिली. तोवर घड्याळवालीचा पाय घरात ठरेना. दर थोड्या वेळाने दारातून डोकावायची. व्हिनाइल चिकटवून ते गेले तशी ती अनवाणी आत शिरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली आणि दिवा लावून कामाला बसली.

थोड्या वेळाने सासूबाई स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी ठाण मांडून बसल्या.

"एखादं बंद पडलेलं दे गं इकडे," त्या म्हणाल्या. "उघडून तरी बघते."