दुरुस्ती: अधिक आठशे ग्रॅम

दिनांक ३ मार्च, रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. माझ्या तबकात मांजर एक. वजन तीन किलो चारशे ग्रॅम.

मित्रांनो, मी एक जुना तबकडीचा वजनकाटा आहे, आणि त्या सकाळी मी खरे बोललो होतो. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढचे दोन आठवडे मला खोट्यात काढण्यात आले.

माझा पाया बिडाचा, तबक पत्र्याचे, पोटात पोलादी स्प्रिंग. तबकडी दहा किलोंची, आणि तिच्यावरची प्रत्येक रेघ वीस ग्रॅमची. सतरा वर्षे मी तंत्रविद्यालयाच्या भांडारात खिळे, रिव्हेट आणि पितळी भुसा तोलला. तेथे माझ्याशी कोणी हुज्जत घातली नाही. मग आकडे उजळणारे नवे काटे आले आणि मला भंगाराच्या ढिगावर फेकले. त्या ढिगातून मला काखोटीला मारून घरी आणले ते मोजमाप शिकवणाऱ्या मास्तरांनी. त्यांनी माझा गंज खरवडला, सांध्यांत तेल सोडले आणि स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला मला बसवले.

त्याच महिन्यात मास्तरीणबाईंनी ओंजळीतून मांजरीचे एक पिल्लू आणले. तीनशे चाळीस ग्रॅमची, राखाडी रंगाची, डोळ्यांत आग असलेली ठिणगी. दर रविवारी, न्याहारीपूर्वी, सात वाजून दहा मिनिटांनी तिला माझ्या तबकात ठेवायचे आणि आकडा वहीत लिहायचा, हा नेम तेव्हापासूनचा. पुढे मास्तरीणबाई गेल्या. रविवारचे वजन तेवढे राहिले.

ठिणगी वर्षानुवर्षे चार किलो दोनशे ग्रॅमवर दगडावरच्या रेघेसारखी स्थिर होती. चौदाव्या वर्षी मात्र ती बदलली. आपली वाटी चाटूनपुसून मास्तरांच्या धाकट्या बहिणीच्या ताटाकडे झेपावू लागली. घटाघटा पाणी पिऊ लागली. कपाटावर उड्या काय, या दारातून त्या दारात धावणे काय! मास्तर हरखून गेले. "चिमे, बघ बघ! या वयात हिला तारुण्य फुटलंय!"

चिमी म्हणजे ही बहीण. वय सहासष्ट, पण भावाच्या तोंडी अजून चिमीच.

"तारुण्य कसलं, दादा? पाठीचे मणके मोजून घे हवं तर," ती म्हणायची.

मीही तेच सांगत होतो, आठवड्यामागून आठवडे, रेघेरेघेने. ३ मार्चला माझी सुई तीन किलो चारशेवर थांबली तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि निकाल दिला, "काटा गेला. खाणारं जनावर कधी वाळतं का?"

त्यानंतर त्यांनी जे केले ते चाळीस वर्षे मोजमाप शिकवलेला माणूसच करू शकतो. अडाणी माणसाने मला एक टपली मारून सोडून दिले असते. मास्तरांनी रीतसर गणित मांडले. ठिणगीचे वजन चार किलो दोनशे, हे गृहीत. काटा दाखवतो तीन किलो चारशे. सबब, काट्याचा दोष आठशे ग्रॅम. त्यांनी सुवाच्य अक्षरांत एक चिठ्ठी लिहिली, 'दुरुस्ती: अधिक आठशे ग्रॅम', आणि ती माझ्या कपाळावर चिकटवली. काटा वजनाशी ताडून पाहावा, हे ज्यांनी हजारो विद्यार्थ्यांच्या डोक्यात ठोकून बसवले, त्यांनी मला ताडले ते मांजरीशी!

मित्रांनो, मी निर्जीव असेन, निर्लज्ज नाही. पोटातली स्प्रिंग जरा सैल सोडली असती तर मास्तर खूश झाले असते, मीही सुखात राहिलो असतो. मी तसे केले नाही. १० मार्चला मी तीन किलो तीनशे वीस दाखवले. १७ मार्चला तीन किलो दोनशे चाळीस. वाचायचे तर वाचा, नाहीतर आणखी एक चिठ्ठी लावा!

१७ तारखेला चिमीताईंनी वही ओढून घेतली. मग त्या मागच्या दाराशी गेल्या. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तेथे एक पितळी वजन ठेवलेले असे, एक किलोचे, शिक्का मारलेले. ते त्यांनी पदराने पुसून माझ्या तबकात ठेवले.

माझी सुई एक किलोवर जाऊन उभी राहिली. एक केसही इकडे नाही, तिकडे नाही.

"तुझ्या चिठ्ठीप्रमाणे हे पितळ आठशे ग्रॅमनी लठ्ठ झालंय," चिमीताई म्हणाल्या. "दाराशी बसून बसून झालं असेल, नाही?"

मास्तरांनी पितळ उचलून पुन्हा ठेवले. सुई पुन्हा एक किलोवर.

"दादा, आजारपणात वहिनी वाळत चालली, तेव्हाही तू न्हाणीघरातला काटाच बदलून आणला होतास. आठवतं?"

मास्तरांनी नखाने माझ्या कपाळावरची चिठ्ठी हळूहळू सोलून काढली. डिंकाचा डाग अजून आहे. तो मी मिरवतो.

दुसऱ्या दिवशी ठिणगीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले, आणि वजन नीट कळावे म्हणून टोपलीशेजारी मलाही. बाईंनी ठिणगीचा गळा चाचपला, छातीला नळी लावली. ठोके मिनिटाला दोनशे बत्तीस. रक्त तपासले. "थायरॉइड वाढलंय," त्या म्हणाल्या. "गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त रस सोडतेय. त्यामुळे शरीर भरधाव चाललंय. खाल्लेलं पुरत नाही, मग अंगचंच जाळतंय. हृदयावरही ताण आहे."

मास्तर पुटपुटले, "म्हणजे इंजिन ठीक, पण वेग आवरणारा गव्हर्नर निकामी."

"अगदी तसंच. गोळी दिवसातून दोनदा, रोज, कायमची. फोडायची नाही, कुटायची नाही, हातमोजे घालूनच हाताळायची. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त, मूत्रपिंडंही बघायची, त्यावर मात्रा ठरेल. आणि दर आठवड्याला वजन, त्याच वेळी, एकाच काट्यावर. घरी भरवशाचा काटा आहे ना?"

मास्तरांनी माझ्या बिडाच्या पायावर हात ठेवला. "आहे. माझ्यापेक्षा भरवशाचा."

फाटकाशी शेजारचे वकील भेटले. "अहो मास्तर, पिकलं पान ते! चौदा वर्षांच्या मांजरीसाठी एवढा खटाटोप?"

"वकीलसाहेब, आपण एकाहत्तरचे ना? सकाळ-संध्याकाळ किती गोळ्या घेता?"

वकील हसले नाहीत. चिमीताई मात्र पोट धरधरून हसल्या.

आता ठिणगी ऐकते होय! गोळी म्हटली की ती ओठ असे मिटायची की जणू कुलूपच. मास्तर गोळी जिभेवर ठेवत, जबडा मिटवत आणि वहीत 'दिली' असे लिहीत. जवळजवळ तीन आठवड्यांत एकोणचाळीस वेळा 'दिली'. आणि ७ एप्रिलला मी दाखवले तीन किलो एकशे साठ.

मास्तरांचा हात डिंकाच्या बाटलीकडे जाईल का, या शंकेने माझी सुई थरथरली.

"काटा खरा आहे," मास्तर म्हणाले. "वही खोटी आहे. चिमे, फडताळ सरकव."

फडताळामागे, भिंतीच्या कडेला, धुळीत पडलेल्या गोळ्या निघाल्या. सव्वीस! ठिणगी प्रत्येक गोळी गालात धरून तेथवर जायची आणि थुंकून यायची. ती कपाटावर बसून हा पंचनामा पाहत होती. पश्चात्ताप? मुळीच नाही. मला तिचा राग आला नाही. हट्टीपणात ती माझीच बहीण.

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना फोनवर सारे कबूल केले. मग वहीतला 'दिली' हा शब्द खोडून 'गिळली' असा नवा रकाना आखला. आता गोळी मऊ खाद्याच्या गोळ्यात दडवतात, त्यावर लगोलग दुसरा घास देतात, आणि गळा हललेला पाहिल्यावाचून खूण करत नाहीत. त्यानंतर रक्त दोनदा तपासले, मात्रा एकदा बदलली. मूत्रपिंडे शाबूत निघाली. ठोके उतरले. ठिणगी बरी झालेली नाही. हा आजार आवरून धरावा लागतो, रोज, दोनदा. पण ती माझ्या तबकात बसते, आणि दर रविवारी मला जरा जास्त दाबते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे म्हातारे जनावर भरपूर खात असेल आणि तरी झडत असेल, तर त्याच्या उड्यांवर भाळू नका. त्याला तोला आणि दवाखान्यात न्या. आणि नको असलेला आकडा कोणी तुम्हाला दाखवला, तर त्याच्या कपाळावर चिठ्ठी लावू नका. आम्ही जुने झालो आहोत, खोटे झालेलो नाही.

दिनांक १ सप्टेंबर, रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. मांजर एक. दुरुस्ती शून्य. वजन तीन किलो नऊशे वीस ग्रॅम.